माहेरी गेली की ठणठणीत

आमच्या घरी पाहुणे आले की चहाबरोबर माझा खोकलाही पुढे केला जायचा. विषय नवरा काढायचा. "हिला कसला दमा! माहेरी गेली की ठणठणीत. सासरची हवा बाधते बिचारीला." पाहुणे हसायचे. सासूबाई हसता हसता म्हणायच्या, "आम्हाला नव्हती बाई असली सोय." पहिली काही वर्षं मीही हसले. हसताना मला खोकला यायचा, मग सगळे पुन्हा हसायचे.

माझं माहेर अकोल्याचं. मुलीची परीक्षा झाली की मे महिन्यात आम्ही दोघी तिकडे जायचो. अकोल्याचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना तिथे हवापालट होते हे सांगूनही पटणार नाही. पण होत होती. तिथे आठवडाभरात माझा खोकला थांबायचा, संध्याकाळची कणकण जायची, जिना चढताना मध्ये टेकावं लागायचं नाही. जूनमध्ये पुण्यात परतले की चार दिवसांत सगळं होतं तसं. यावर घरात कुणी विचार केला का? केला ना. माझं कामाला अंग चोरणं सुरू झालं, असा विचार केला.

पुण्यातलं घर वारज्यात. सासरे खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि पाठोपाठ तेही गेले. नवरा तेव्हा हडपसरला आयटी कंपनीत लागला होता. बँका घरी येऊन कर्ज देत होत्या आणि वारज्याच्या शेतांमधून इमारती उगवत होत्या. आमच्या बिल्डरला तर इतकी घाई होती की वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी खाली कुठून जाणार, हे त्याने पाण्यावरच सोपवलं होतं. ते आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीत उतरलं. पहिल्याच पावसाळ्यात भिंत काळ्या ठिपक्यांनी भरली. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "नवीन बिल्डिंग आहे वहिनी, वाळेल हळूहळू." वरच्या मजल्यावरचे म्हणाले, "आमच्याकडे तर काहीच गळत नाही." खरंच होतं ते. त्यांचं आमच्याकडे गळत होतं.

दर दिवाळीला रंग द्यायचा आणि दर श्रावणात ठिपके मोजत बसायचं, असं काही वर्षं चाललं. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी एकापाठोपाठ एक 'फर्निचर करून घ्यायला' सुरुवात केली. म्हणजे घरातली एकही भिंत उघडी ठेवायची नाही. आमची ती ओली भिंतही छतापर्यंत प्लायवूडने मढवली. वर गुळगुळीत सनमायका, आत कपाटं, मधोमध टीव्ही. नवरा समाधानाने म्हणाला, "बघ, आता काही दिसतंय का?" काही दिसत नव्हतं. सगळ्यांनी कौतुक केलं.

त्या खोलीत सासूबाई आणि त्यांची नात झोपायच्या. दिवसा मी तिथेच कॉम्प्युटरवर घरबसल्या कामं करायचे. पावसाळ्यात कपडेही तिथेच दोरीवर वाळायचे. बाहेर सगळीकडे बांधकामांची धूळ, म्हणून सरकत्या काचा कायम बंद. कपाट उघडलं की कुबट वास यायचा. सासूबाईंनी त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या.

मला आधी दम्याचे पंप दिले. मग एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून टीबीचा संशय घेतला आणि नुसत्या संशयावर महिनोन्महिने गोळ्या चारल्या. त्या काळात माझं ताट-भांडं वेगळं झालं. पुढे सासूबाईही खोकू लागल्या, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. "तुझंच लागलं मला," एवढंच त्या म्हणाल्या.

मग एके दिवशी शाळेतून निरोप आला की मुलगी खेळाच्या तासाला नुसती बसून असते, धावली की तिला धाप लागते. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या श्वासाचा विनोद झाला तो मी गिळला होता. तिचा होऊ देणार नव्हते. आम्ही तिघींनी छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं असं मी ठरवलं आणि नवऱ्याला रजा घ्यायला लावली.

डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "परगावी गेलात की त्रास कमी होतो?" माझ्या आधी नवरा बोलला. सवयच होती ना. "डॉक्टर, ही माहेरी गेली की एकदम ठणठणीत!" आणि हसला.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे इतके दिवस कुणाला सांगितलं होतं का?"

सांगितलं होतं की. सगळ्या पुण्याला सांगितलं होतं. फक्त विनोद म्हणून.

घरात ओल आहे का, बुरशी आहे का, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "होती, आता नाही." मी घरी आले, पक्कड आणि हातोडी घेतली आणि कपाटाची पाठ उचकटायला लागले. "अगं, सुताराला बोलावू या ना," नवरा मागून म्हणत होता. सासूबाई दारात उभ्या राहून हळहळत होत्या, "एवढं चांगलं फर्निचर!" तोंडाला ओढणी बांधली होती तरी पहिली फळी निघाली तशी मला ढास लागली. मागे भिंत उरलीच नव्हती. काळी, हिरवी, लोकरीसारखी लव सगळीकडे. बुरशीचे ते बारीक कण आम्ही तिघी वर्षानुवर्षं छातीत भरून घेत होतो आणि त्यावर फुप्फुसं चिडत होती. नवरा दिवसभर हडपसरला एसीत बसायचा आणि रात्री पुढच्या खोलीत झोपायचा. त्याला साधी शिंकही येत नव्हती.

आम्ही भाड्याच्या घरात राहायला गेलो. फर्निचर नाही, नुसत्या कोरड्या भिंती. मुलगी पुन्हा धावायला लागली. मीही बरीचशी सुधारले. सासूबाईंची फुप्फुसं मात्र कडक होऊन गेली होती, ती आता पूर्ववत होणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला तरी दरवर्षी मे महिना होता. त्यांचे भाऊ गेले आणि माहेर बंद झालं, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. सासूबाई त्या खोलीतून कधी हलल्याच नाहीत. मग बरं कुठे वाटणार आणि बिघडतंय हे कळणार कसं? मला कामचुकार तरी म्हणायचे. त्यांच्या खोकल्याला नुसतं वय म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात मी त्यांना अकोल्याला घेऊन गेले. माझ्या आईने अंगणात उन्हाला त्यांची खुर्ची टाकली. काही दिवसांनी त्यांचा खोकला जरा उतरला, दम तेवढाच राहिला. एकदा मी औषध द्यायला गेले, तर माझा हात धरून त्यांनी तक्रारीच्या सुरात विचारलं, "आधी का नाही गं आणलंस मला इथे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांचं सगळं एकदम तोंडाशी आलं. "आला असतात का तुम्ही, आई?" मी जवळजवळ ओरडलेच. "सुनेच्या माहेरी? आला असतात?"

माझ्या बोलण्याला त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण श्वास पुरेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी ते मिटून घेतलं. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी तो एकच वाद मी जिंकले, आणि तो आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.