तंबिगेहळ्ळीची संस्थापिका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, तंबिगेहळ्ळी हे गाव कोणा राजाने वा पाळेगाराने वसवलेले नसून माझ्या मामेसासऱ्यांच्या आजीला लागलेल्या तहानेने वसवलेले आहे. संबंधितांत तुम्हीही आलात. मामा या बाबतीत कोणालाच वगळत नसत.

म्हैसुराहून गाडीने तासाभरावर हे गाव. एक स्टेशन, एक इडलीचं हॉटेल आणि मामांचं शिंपीकामाचं दुकान; उरलेलं गाव या तिघांना टेकून उभं. मामांच्या मते, त्यांचे आजोबा बायकोला घेऊन या बाजूने चालले होते. इथे नुसतं माळरान. इंजिन पाणी प्यायला थांबलं, म्हणून आजीही तांब्या घेऊन उतरली. तेवढ्यात गाडी हलली. आजोबा गाडीवर ओरडले, "थांब गे!" आजीला वाटलं, आपल्यालाच म्हणाले. ती आज्ञाधारक, पळत यायची ती होती तिथेच थांबली. आजोबांना उडी मारावी लागली. सामान पुढे गेलं, माणसं राहिली, आणि त्या जागेला 'थांब गे' हळ्ळी, म्हणजे थांब गे खेडं, असं नाव पडलं.

ही कथा मामा गिऱ्हाइकाचं माप घेताना सांगत, कारण तेव्हा माणसाला पळता येत नाही. माझ्या सदऱ्याचं माप गळ्यापासून मनगटापर्यंत पोचलं तरी आजी अजून डब्यातून उतरत होती. आजी थांबली ती जागा मामांनी फलाटावर शिंप्याच्या खडूने आखली होती. दर पावसाळ्यात ती पुसली जाई, मामा पुन्हा आखत, आणि दरवर्षी ती हॉटेलच्या दिशेने हातभर सरके.

गावात त्यांना वैरी एकच, निवृत्त हेडमास्तर. "अल्ला री, तसं नव्हे हो," ते म्हणत, "कन्नडात तंबिगे म्हणजे तांब्या. पहिलीतलं पोर सांगेल!"

"आणि मेष्ट्रे, तो तांब्या होता कुणाच्या हातात? माझ्या आजीच्या!"

वीस वर्षं हे चाललं. मग रूळ रुंद झाले आणि बातमी आली की नवी गाडी इथे थांबणार नाही. मामांची टेप गळ्यातच राहिली. आठवडाभर त्यांनी कोणाचं माप घेतलं नाही. मला एवढंच म्हणाले, "गाडीच थांबली नाही तर हे गाव कशाचं रे?" शेवटी दोघा वैऱ्यांनी मिळून अर्ज केला. मास्तरांनी कन्नडात लिहिला, मामांनी खाली सही केली. गावाच्या नावाचा उगम त्यात कोणीच काढला नाही. उत्तर आलं नाही.

पहिल्या गाडीच्या दिवशी सगळं गाव फलाटावर जमलं. मामा नवा कोट घालून, ड्रायव्हरसाठी शेवंतीचा हार घेऊन बरोबर खडूच्या खुणेत उभे होते. शेजारी मास्तर. शिट्टी झाली. इंजिन आलं आणि वेग कमी न करता पुढे गेलं. मामांनी हार उंच धरला, तो धरलेलाच राहिला. आणि मास्तर, जन्मभर तांब्याला चिकटून राहिलेले मास्तर, छत्री उगारून, डब्यांमागे दोन पावलं धावून, स्वच्छ मराठीत ओरडले:

"थांब गे!"