बंगलेवाली आजी

बंगलेवाल्या आजीचा बंगला तीन मजली होता, आणि ती त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. विट्याजवळच्या आमच्या गावात असे बंगले बरेच. मालक लांबच्या शहरांत सोनं गाळण्याची दुकानं चालवतात आणि जत्रेला चार दिवस येतात. एरवी दाराला कुलूप. आजी रोज सगळ्या खोल्या पुसून काढायची. "माणसं न्हाईत, तरी धूळ कुठनं येती कुणास ठाव," म्हणायची. याबद्दल बंगल्याचे मालक शेठ तिला ती खोली देत आणि दिवाळीला एक लुगडं. पगार नव्हता. पोट चालायचं ते रेशनच्या गहू-तांदळावर आणि कुणाच्या उसात भांगलायला जाऊन मिळेल त्या मजुरीवर.

मी गावच्या शाळेत शिक्षक. कुटुंबांच्या पाहणीचं काम आमच्या गळ्यात पडलं, तेव्हा तिचा फॉर्म मीच भरला. तिच्या खोलीला वेगळा घरक्रमांक नव्हता आणि मोबाइलमधला फॉर्म क्रमांकाशिवाय पुढं सरकत नव्हता. मी बंगल्याचा टाकला. भिंती पक्क्या, छत स्लॅबचं, हे त्यानं आपोआप उचललं. शेऱ्यात 'मागे पत्र्याची खोली' एवढं लिहून मी पुढच्या घरी गेलो. तो शेरा कुणीही वाचला नाही.

काही महिन्यांनी रेशन दुकानात आजीचं नाव यादीतून गेलेलं निघालं. कारण, पक्कं घर. त्याच गल्लीतल्या दोन ट्रॅक्टरवाल्यांची नावं मात्र शाबूत होती.

आजी रिकामी पिशवी घेऊन शाळेत आली. मला वाटलं, आता चारचौघांत माझा उद्धार होणार. "आवं गुरुजी," ती म्हणाली, "सरकारनं मला बंगला दिलाय म्हनं. मग आज वरच्या मजल्यावर झोपू का?" पोरं हसली. मला मान वर करता येईना.

मग नाव परत लावण्याच्या अर्जासाठी तहसीलच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका फेरीत तिची दिवसाची मजुरी बुडायची. पुरवठा शाखेतला कारकून म्हणाला, "मालकाचं पत्र आणा, की ही बाई बंगल्यात राहत नाही." आजी त्याला म्हणाली, "पत्र कशाला? सायेब, तुमीच येऊन बघा की. च्या करते." कारकून संगणकाकडं वळला. ती पुढच्या सोमवारी पुन्हा गेली, पुन्हा तेच म्हणाली.

पत्रासाठी मी शेठना फोन केला. ते गोड बोलले. "गुरुजी, सहीचा कागद दिला आणि उद्या तिनं खोलीवर हक्क सांगितला तर? त्यापेक्षा तांदळाचं पोतं पाठवतो." पोतं आलं. आजीनं ते बंगल्याच्या व्हरांड्यात तसंच ठेवलं, शिलाईसुद्धा उसवली नाही. माझ्या घरचे गहू घेऊन गेलो, तेही परत आले.

"शेठचं नगं, तुमचं बी नगं. माझ्या नावाचं हाय ते पायजे."

मी चिडलो. म्हणालो, हट्टानं पोट भरत नाही.

"हट्ट न्हवं वो. आज तुमी द्याल. उद्या तुमची बदली झाली, मंग कुणाच्या दारात जाऊ?"



पुढं आजीच्या गुडघ्यांनी दगा दिला. भांगलण बंद, जिने चढणंही बंद. शेठनं दुसरं माणूस ठेवलं. पाटणची भाची तिला न्यायला आली. एसटीची वाट बघताना आजी सहज बोलावं तसं म्हणाली, "त्या दिशी तुमी उभ्या-उभ्याच लिवलंत, गुरुजी. घटकाभर बसला असता, तर पत्रा कसा तापतो ते कळलं असतं." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर महिन्याभरानं, इतके सोमवार बोलावून न आलेला पुरवठा शाखेतला तोच साहेब गावात आला. खोलीला कुलूप. त्यानं तिथंच पंचनामा लिहिला: अर्जदार पत्त्यावर आढळून आली नाही, सबब अर्ज निकाली. मी म्हणालो, "साहेब, ती पाटणला आहे. खोली तर बघा."

"मग तिकडं अर्ज करू दे," असं म्हणून त्यानं पंच म्हणून सहीसाठी कागद माझ्यापुढं धरला. मी सही केली नाही. त्यानं शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याची घेतली आणि जीप निघून गेली.