गंगव्वाची टकटक

पुष्पावती अक्कांचं हुबळीच्या कुणाशी तरी सूत आहे, ही बातमी १९९३ साली आमच्या चिकपेटच्या गल्लीत पसरली. पसरवण्यात थोडा वाटा माझाही होता, नाही म्हणत नाही. पण खरं सांगायला हवं. हुबळीची ती व्यक्ती म्हणजे गंगव्वा, पन्नाशीची बाई. अक्का इथल्या तार ऑफिसात, ती तिथल्या, आणि मधे तार. दोघींची भेट कधीच झाली नव्हती.

अक्का नोकरीला लागल्या तेव्हा, बायकांची बोटं तासाभरात थकतील, असं म्हणून ऑफिसातले पुरुष हसायचे. त्या लाइनीवर दुसरी बाई एकच, गंगव्वा. सत्तावीस वर्षं दोघी रोज यंत्रावर टकटक करून एकमेकींना तारा पाठवत आल्या. यंत्रावर बोट कसं पडतं, त्यावरून माणूस ओळखू येतो म्हणे.

खुलासा ऐकून दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं सुटकेचा सुस्कारा टाकला असता. अक्कांचे मुकुंदराव जास्तच जळायला लागले. कारण अक्का घरी येऊन सांगायच्या, आज गंगव्वाला कणकण आहे, बोट जड पडतंय तिचं. आणि इथे मुकुंदराव तीन दिवस अंगात ताप घेऊन दुकानात साड्या उलगडत होते, त्याचा अक्कांना पत्ता नव्हता. आमच्या कट्ट्यावर बसून ते हेच उगाळायचे. मला तरी काय कमी जळायला होत होतं? आमच्या घरी माझा ताप थर्मामीटरलासुद्धा कळत नाही. मी आपलं गमतीनं म्हटलं, मग तुम्हीही शिका की टकटक. तर हा माणूस खरोखर दोन महिने पुरुषोत्तम अण्णांकडे, म्हणजे रिटायर झालेल्या तारबाबूंकडे, शिकायला गेला.

पुढे नवी मशिनं आली आणि ती लाइन बंद झाली. शेवटच्या दिवशी अक्का डोळे सुजवून घरी आल्या. मी स्वल्प साखर मागायला म्हणून आधीच जाऊन बसले होते. मुकुंदरावांनी सकाळीच माझ्याकडून तापाची गोळी नेली होती आणि हिला सांगू नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी स्टीलचा पेला उपडा घातला आणि चमच्यानं एकेक अक्षर वाजवलं, इंग्रजीत: मी इथे आहे.

अक्कांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "अहो, ताप आहे तुम्हाला, आत जाऊन पडा. आणि गंगव्वा तापातसुद्धा याहून बरं वाजवायची."