बिस्किटी कुर्त्यावरच्या चार पट्ट्या

लग्नासाठी मी बिस्किटी रंगाचं सुती कापड आणलं, तेव्हा आईनं ते दोन बोटांत धरून खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "शिळ्या पोळीसारखं दिसते हे. लग्नात घालाचं हाय का दवाखान्यात?"

लग्न माझ्या चुलत बहिणीचं, ताईचं होतं. तिचे वडील, म्हणजे आमचे मोठे बाबा, राळेगावकडच्या एका गावात कापूस-तुरीची शेती करायचे. आम्ही वडिलांच्या नोकरीमुळे यवतमाळला राहायचो आणि मी तिथंच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. बाह्यांवर रंगीत पट्ट्या लावणार आहे, असं मी आईला सांगितलं. पिवळी, जांभळी, लाल आणि सोनेरी.

"हां, मंग लग्नातलं दिसन," ती म्हणाली.

त्या रंगांचा दुसरा अर्थ तिला ठाऊक नव्हता. जुना रेडिओ उघडला की आत तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, बिस्किटी रंगाचे तुकडे दिसतात. त्यांना रेझिस्टर म्हणतात. वीज किती अडवायची, ते त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून कळतं, कारण प्रत्येक रंगाचा एक आकडा ठरलेला असतो. पिवळा चार, जांभळा सात, लाल म्हणजे पुढे दोन शून्यं. झाले सत्तेचाळीसशे. सोनेरी पट्टी सांगते, की हा आकडा जरासा मागेपुढे होऊ शकतो.

हे मला दादानं शिकवलं होतं. दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा, नवरीचा सख्खा भाऊ. शेतातून आला की तो सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या टेबलाशी बसून गावातले रेडिओ दुरुस्त करायचा. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्या बाजूला बसलेली असायची. तो पाढ्यासारखे रंग म्हणायचा. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. आतून मोठी आई ओरडायची, "अरे बाप्पा, कधीतरी देवाचं नाव घे!" मग तो मुद्दाम तेच रंग आरतीच्या चालीत म्हणायचा, आणि मोठी आई पदरात तोंड दाबून हसायची.

आदल्या वर्षी पावसानं ताण दिला तेव्हा तो विहिरीवरची मोटर सुरू करायला गेला. स्टार्टर बिघडला होता. तो दुरुस्त करता करता शॉक लागून दादा गेला.

त्या वर्षांत आमच्या कापसाच्या मुलखात एखादा तरुण माणूस गेला, की तो कसा गेला हे कुणी विचारत नसे. लोकांना ते आधीच ठाऊक असायचं. शहरातून गाड्या आल्या, कॅमेरे आले. त्यांना मोठे बाबा एकच वाक्य सांगत राहिले, "शॉक लागला जी त्याले." लोक मान हलवायचे आणि कर्ज किती होतं, हा पुढचा प्रश्न विचारायचे. तेरवीच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "करंटची एवढी माहिती असलेला पोरगा करंटनं मरते का?" कोण म्हणालं, ते मला दिसलं नाही. पण ते वाक्य त्या घरातून नंतर कधी गेलंच नाही. ताईचं जुळत आलेलं लग्न त्या वाक्यानंच मोडलं. पुढं फुलसावंगीकडचं स्थळ आलं. त्या लोकांनी काही विचारलं नाही, पोरगी पसंत आहे एवढंच सांगितलं.

कुर्ता मी दुपारी कॉलेजातून आल्यावर शिवायची. लोडशेडिंगमुळे पंखा बंद असायचा, पण आईची मशीन पायाची होती. गळा, खांदे, बाजू सगळं सरळ झालं. पट्ट्या लावायला घेतल्या आणि मला दादा ऐकू येऊ लागला. आठवत होता असं नव्हे, ऐकू येत होता. मशीनच्या खडखडीखाली तो रंग म्हणत होता. पाय थांबवला की तोही थांबायचा. एकदा खोलीत राळेचा वास आला. कथील वितळवताना तो राळ वापरायचा, तिचा तो गोडसर, घशाला लागणारा धूर. माझं सोल्डरिंगचं सामान कॉलेजच्या लॉकरमध्ये होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं आई तूर निवडत होती.

"कायचा वास येऊन राह्यला व?" तिनंच विचारलं.

मी काही नाही म्हणाले आणि परत येऊन सोनेरी पट्टी लावली. खऱ्या रेझिस्टरवर असते तशी, बाकीच्या तिघींपासून जरा लांब. आईला ते खटकलं. "हे लांब काहून लावली? उसव अन् जवळ घे." मी तशीच राहू दिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी एसटीनं गावी पोचलो. सपरीतलं टेबल हलवून तिथं धान्याची पोती रचली होती. दादाचं नाव कुणी घेत नव्हतं. माणसं हसतबोलत सपरीत येत आणि त्या कोपऱ्याशी आली की आवाज खाली आणत.

दुसऱ्या दिवशी मी कुर्ता घातला. मोठी आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन चालली होती. माझ्यापाशी ती थांबली, ताट खाली ठेवलं आणि माझी बाही धरली. एकेका पट्टीवर बोट टेकवत म्हणाली, "पिवळा, जांभळा, लाल." सोनेरीवर तिचं बोट थांबलं.

"हे त्याचे रंग होत ना?"

मी मान हलवली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. मंडपात बँड सुरू झाला होता, आमच्याजवळ कुणी नव्हतं.

"तू तं शिकून राह्यली ना त्यातलं. मंग तू सांग. ज्याले सारं समजते, त्याची चूक होते का?"

वर्षभर तो प्रश्न तिनं कुणालाच विचारला नसावा. मी विहीर पाहिलेली नव्हती, स्टार्टरही नाही. जमीन ओली होती की नाही, वरून लाइन बंद केली होती की नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं.

"होते मोठी आई," मी म्हणाले. "ज्याले समजते त्याचीच होते. त्याले भ्याव नसते."

मग ताट उचलून ती मंडपात गेली. तिला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. माझं मलाही पटलं होतं की नाही, कोण जाणे.

सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला बोलावलं. बहिणीला नीट सांभाळ, असं बजावत भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, ती ही रीत. मोठ्या बाबांनी हातातला टॉवेल तोंडाला लावला. कुणीतरी लांबच्या एका भावाला पुढे ढकलू लागलं, तेवढ्यात मुंडावळ्या बाजूला करत ताई म्हणाली, "हिले बोलवा." ती माझ्याकडे पाहत होती.

"पोरगी कानपिळी करते का कुठं?" मागून एक म्हातारा बोलला.

"करू द्या जी," नवरदेव म्हणाला आणि त्यानं मान खाली घेतली.

मी कान पिळला, फार जोरात नाही. लोक हसले. नवरदेवाच्या आईनं रीतीप्रमाणं आहेर माझ्या हातात ठेवला. भावासाठी आणलेला पँट-शर्टचा पीस होता. तो आधीच बांधून ठेवलेला, बदलायला वेळ कुणाला मिळणार होता? मोठे बाबा तो घेईनात. यवतमाळला आणला, तर वडीलही घेईनात.

दिवाळीनंतर मोठी आई आमच्याकडे आली. मापाला म्हणून तिनं दादाचा एक जुना शर्ट आणला होता. आहेरातल्या पीसमधून मी त्या मापाचा शर्ट शिवून दिला. कोण घालणार, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पुढं दोनेक वर्षांनी मी गावी गेले, तेव्हा मोठी आई अंगणात धुणं वाळत घालत होती. मोठ्या बाबांच्या धोतराशेजारी तो शर्ट होता. तिनं तो झटकला, कॉलर सरळ केली आणि दोरीवर टाकला. कुणीच कधी न घातलेला तो शर्ट धुऊन धुऊन विटला होता.