आधी अहवाल, मग एस्टोनिया

जयराम गावित गुरुजींनी एस्टोनियाच्या अभ्यासदौऱ्याचा सव्वीस पानी अहवाल कार्यालयात दिला तो एकोणतीस मार्चला. एस्टोनियात त्यांनी पाऊल ठेवलं ते सहा एप्रिलला. यात काही उलटसुलट झालंय असं ज्यांना वाटेल, त्यांचा मार्चअखेरशी कधी संबंध आलेला नाही. भाग्यवान आहेत बिचारे.

गुरुजी मूळचे सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचे. गेली एकोणीस वर्षं नाशकात, सातपूरला, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांची पोरं शिकवतात. माणूस नाकासमोर चालणारा. समोर भिंत आली तरी वळायचं त्यांना सुचत नाही. शाळेत पोचायला दहा मिनिटं उशीर झाला, तर हजेरीपटावर स्वतःच्या हाताने 'दहा मिनिटे उशीर' असं लिहून ठेवतात. त्यामुळे बाकीच्या गुरुजनांची पंचाईत होते, ती वेगळीच.

अशा माणसाची तीन आठवडे परदेशातल्या शाळेत काम करण्यासाठी निवड झाली. देशाचं नाव ऐकून बायकोला, छायाला, ती थायरॉइडची गोळी वाटली. नकाशात जागा सापडली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. आणि मग कार्यालयातल्या महेशभाऊ कारकुनाचा फोन आला.

"गावित सर, अहवाल कधी देताय?"

"आल्यावर देतो की."

"आल्यावर एप्रिल असेल ना! दौरा या वर्षीच्या मंजुरीत बसलाय. एकतीसच्या आत अहवाल फाइलला लागला नाही, तर दौराच रद्द."

"अहो, पण न जाता काय लिहू?"

"त्यात काय! गेल्या वर्षीचा सिंगापूरचा नमुना पाठवतो. देश तेवढा बदला."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तशातली गत. पण गुरुजींना जायचं होतं. मनापासून जायचं होतं. बर्फातल्या शाळेत पोरं कशी शिकतात हे आपल्या पोरांना सांगायचं होतं. त्यांनी दोन दिवस बसून नमुन्यावरून अहवाल लिहिला, सही केली, देऊन आले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

आई अक्काबाईच्या नजरेतून हे सुटलं नाही. म्हातारीला अक्षर येत नाही, माणूस वाचता येतो. तिने विचारलं, गुरुजींनी सांगून टाकलं. ऐकताना तिचे हात निवडायच्या नागलीत तसेच थांबले.

"कागदावर लिवलंस? झालं नाय ते?"

"सगळे लिहितात, आय."

"सगळ्यांनीच लिवलं म्हणून तर तुझा बाप पाण्यात उभा राहिला."

ही गोष्ट गुरुजींना तोंडपाठ होती. पाड्याच्या आणि शाळेच्या मधे ओहोळ. पावसाळ्यात छातीएवढं पाणी. त्यावर साकव बांधा म्हणून बाप अर्ज घेऊन फिरला, तर साहेबांनी वही दाखवली: साकव बांधून झालाय, दोन वर्षं झाली. जो आहे तो परत कसा बांधायचा? मग बापाने चार पावसाळे पोराला खांद्यावर घेऊन तो ओहोळ ओलांडला, आणि कागदावर मात्र सगळा पाडा साकवावरून चालत होता. न झालेलं कागदावर लिहायचं नाही, ही शपथ गुरुजींनी बापाच्या खांद्यावरच घेतली होती.

अक्काबाई म्हणाली, "आता लिवलंस तर खरं करून ये. एकबी गोष्ट राहिली तर मला तोंड दाखवू नको."

म्हणून एस्टोनियाला जाताना गुरुजींच्या खिशात अहवालाची प्रत होती. त्यात एकतीस गोष्टी घडलेल्या होत्या. आता त्या घडवायच्या होत्या.

पहिल्याच गोष्टीला ठेच लागली. 'शाळेतर्फे पुष्पगुच्छ देऊन आत्मीयतेने स्वागत झाले.' न्यायला कोणीच आलं नव्हतं. मुख्याध्यापिका मारिकाबाईंनी फक्त बसचा नंबर कळवला होता. बाई उंच, शांत, चेहरा दगडी पाटीसारखा कोरा. गुरुजींनी पदरमोड करून पुष्पगुच्छ घेतला आणि त्यांच्या हाती दिला. हेतू हा, की त्यांनी तो उलट आपल्याला द्यावा. बाईंनी आभार मानले आणि फुलं पाण्यात ठेवली. गुरुजी दोन दिवस त्या फुलदाणीभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "तुम्हाला ही हवी असतील तर घ्या." गुरुजींनी ओल्या देठांसकट घेतली, वाकून नमस्कार केला आणि पेन्सिलीने पहिली खूण केली.

'मुलांसोबत कबड्डीचा थरार अनुभवला.' आता तिथला माणूस बसथांब्यावरसुद्धा दुसऱ्यापासून दोन हात लांब उभा राहतो. गुरुजींनी पायमोजे घातलेल्या पोरांना व्यायामशाळेत रेषा आखून दिल्या, 'कबड्डी कबड्डी' म्हणत स्वतः चढाई केली, तर समोरची सातही मुलं अदबीने बाजूला झाली आणि त्यांना वाट दिली. कोणी धरेना. "अरे, पकडा मला!" गुरुजी ओरडले. एका मुलीने काळजीने विचारलं, "का? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तासभर चढाया झाल्या, एकही गडी बाद झाला नाही. थरार होता का, हे गुरुजींनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. दम लागला होता, छाती धडधडत होती. खूण केली.

नागलीची भाकरी आणि ठेचा 'सर्वांनी आवडीने खाल्ला' यासाठी त्यांनी अठ्ठावीस जणांना एकेक करून विचारलं, खरंच आवडलं का. ठेच्याने डोळे लाल झालेल्या सत्तावीस जणांनी मान हलवली. राहिलेल्या शिक्षकाने भाकरीवर लोणी लावून ती तीन वेळा घेतली, ठेच्याची बाटली मात्र दोन बोटांनी धरून, हे कशावरचं औषध आहे असं विचारलं. गुरुजी त्याच्या मागे चार दिवस लागले. शेवटी त्याने सुटका व्हावी म्हणून चमचाभर खाल्ला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने "हो" म्हणाला.

खरी फजिती पान अकरावर होती. 'तेथील दमट उकाड्याने अंगाची लाही लाही झाली.' देश बदलताना सिंगापूरचा उकाडा तसाच राहून गेला होता! बाहेर झाडांखाली बर्फाचे ढीग, आणि हा उकाडा आणायचा कुठून? गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण देव कनवाळू असतो. शनिवारी शिक्षकांनी त्यांना सौनात नेलं. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यावर ओतलेलं पाणी. बाकीचे दर थोड्या वेळाने बाहेर जात होते, गुरुजी आत बसून होते. अंगाची लाही झाल्यासारखी वाटली, पण अहवालात लाही दोनदा होती. ते आणखी बसले. शेवटी दोघांनी त्यांना धरून बाहेर काढलं. कबड्डीत मुलांनी धरलं नाही, इथे निदान मोठ्यांनी धरलं, याचंही गुरुजींना समाधान वाटलं.

असं करत तीस खुणा झाल्या. उरली एकच: 'निरोपाच्या वेळी मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आले.'

मारिकाबाई रडेनात. गुरुजींनी ओहोळाची गोष्ट सांगितली, बाईंनी लक्षपूर्वक ऐकून पाण्याची खोली विचारली. गुरुजींनी सासरी निघालेल्या मुलीचं गाणं म्हटलं, बाईंनी चाल लिहून घेतली. शेवटच्या सकाळी बसथांब्यावर दोघंच उभे होते, दोन हात अंतरावर. बस दिसायला लागली. गुरुजी रडकुंडीला आले होते. पण अहवालात त्यांच्या रडण्याला जागा नव्हती.

"तो कागद कसला?" बाईंनी एकदम विचारलं. "तीन आठवडे तुम्ही माझ्याकडे बघता आणि त्यात बघता."

गुरुजींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मार्चअखेर, सिंगापूर, फुलं, सौना, सगळं. बाई ऐकत होत्या. मग त्यांचा ओठ हलला. मग खांदे हलले. मग ती उंच, शांत बाई थांब्याचा खांब धरून अशी हसत सुटली की बसचा चालक खाली उतरून आला. हसता हसता त्यांच्या गालांवरून धारा लागल्या. पाणी कशाने आलं, हे अहवालात कुठेच लिहिलेलं नव्हतं. गुरुजींनी एकतिसावी खूण केली.

नाशकात आल्यावर ते आधी कार्यालयात गेले. महेशभाऊंनी त्यांच्या हातात नोटीस ठेवली: एप्रिलमध्ये तीन आठवडे विनापरवानगी गैरहजर.

"अहो, मी एस्टोनियात होतो!"

"तुमचा दौरा मार्चमध्येच पूर्ण झालाय, सर. तुम्हीच तसं लिहून दिलंय, सुंदर अहवाल आहे. मग एप्रिलमध्ये कुठे होता? टेन्शन घेऊ नका, 'तापाने आजारी होतो' असं दोन ओळी लिहा. मिटवून टाकतो."

गुरुजींनी पेन उघडलं. लिहिलं: 'मी एप्रिलमध्ये एस्टोनियात होतो. मार्चमधला अहवाल लिहिला तेव्हा खोटा होता. आता तो खरा आहे.' खाली सही केली. महेशभाऊंनी कपाळावर हात मारला. तीन आठवडे बिनपगारी झाले, सेवापुस्तकात लाल शेरा बसला.

घरी अक्काबाई दारातच बसली होती. गुरुजींनी तिच्यासमोर बसून तो कागद उलगडला आणि एकतीस खुणा वाचून दाखवल्या. मग नोटिशीचंही सांगितलं. म्हातारीने कागद हातात घेतला आणि पेन्सिलीच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिली.

"त्या साकव लिवणाऱ्यालाबी घरी आय असंल ना रे. तिनं नसंल इचारलं," ती म्हणाली.

तिने कागदाची घडी घातली, बापाच्या फोटोमागे नीट खोचली आणि गुरुजींना जेवायला वाढलं.