वसंताचं विमान आणि माझा पितृपक्ष

"भावजी, हे उठंनात..." एवढंच सुमनवहिनी फोनवर बोलल्या. मी लेकीकडं उंब्रजला होतो, सकाळचा चहा हातात होता. तिथून पलूसला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी हाच वसंता माझ्याशी अर्धा तास विमानाच्या टायरांवर बोलला होता. दीड महिना झाला, पण मला अजून हे खरं वाटत नाही.

आम्ही दोघं पलूसच्या शाळेतले सोबती. तो हवाई दलात विमानांचा मेकॅनिक झाला, मी विज्ञानाचा मास्तर. जन्मभर सरकारी विमानं दुरुस्त केलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर एकच ध्यास लागला, स्वतःच्या विमानाचा. दोन माणसांचं, जुनं का होईना, पण स्वतःचं. त्या वयात अभ्यास करून त्यानं उडवायचा परवाना काढला. गावानं काय कमी चेष्टा केली? "नाना, आमच्या उसावर तेवढी फवारणी मारा की," म्हणायचे. "मारतो की, तुमी औषध कालवून ठेवा," हा म्हणायचा.

जुनी विमानं बघायला तो मला बरोबर न्यायचा. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं. मी टिपणं काढायची आणि ह्यानं विमानाखाली उताणं पडायचं. एके ठिकाणी नवा रंग दिलेलं देखणं विमान होतं, मी तर भाळलोच. पण ह्यानं आधी नोंदवही मागितली. विमानाचं प्रत्येक उड्डाण, प्रत्येक दुरुस्ती तिच्यात लिहिलेली असते. मधली चार वर्षांची पानंच नव्हती. विकणारा म्हणाला, "काका, कोण बघतंय?" वसंता म्हणाला, "मी बघतोय की," आणि चालू पडला. वाटेत मी चिडलो, एवढं चांगलं विमान सोडलंस म्हणून. "गड्या, वर गेल्यावर बाजूला घेऊन थांबता येत न्हाई," एवढंच बोलला. अशी सात वर्षं गेली.

शेवटी राज्याच्या सीमेपलीकडच्या एका फ्लाइंग क्लबात मनासारखं मिळालं. नोंदवही पहिल्या पानापासून पूर्ण. कागद नावावर झाले, तपासणी झाली आणि भाद्रपदात क्लबाचा फोन आला, या आणि घेऊन जा. वसंता घरात कुणाला न सांगता तडक माझ्याकडं आला. "उद्याच निघू. पयल्यांदा शेजारी तू बसायचंस." आणि चौतीस वर्षं पोरांना ग्रहण म्हणजे नुसती सावली असं शिकवणारा मी काय म्हणालो? "अरं, पितृपक्ष लागलाय. वहिनींना बरं वाटायचं न्हाई. दसऱ्याला आणू." वहिनींना मी विचारलंसुद्धा नव्हतं. भीती माझी होती. विज्ञानाच्या मास्तरानं ती कबूल कशी करायची, म्हणून त्यांच्या नावावर खपवली. वसंता म्हणाला, "बरं. तिचं मन कशाला मोडा." पाचव्या दिवशी तो गेला.

घरात यंदा दसरा नव्हताच. पण वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला त्यांचं विमान बघायचंय." आम्ही गेलो. शेडमध्ये ते पांढरं विमान उभं होतं. नाना डावीकडं बसणार होते, असं तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं, तेव्हा वहिनी उजवीकडं चढून बसल्या. पदरानं डावी सीट पुसली. मग म्हणाल्या, "दसऱ्याला आणायचं ठरलंय, एवढंच हे म्हणालं. माझ्या जिभेवर आलं होतं, आजच जावा. पण यांच्या कामातलं मला काय कळतंय, म्हणून गप बसले. का थांबलं असतील ओ?" "काहीतरी तपासणी राहिली असंल," मी म्हणालो. तिथंही खोटंच बोललो.

विमान अजून त्याच शेडमध्ये आहे. गिऱ्हाइकं येतात, वहिनी विकत नाहीत. का थांबले ते कळल्याबिगर देणार नाही, म्हणतात.

वहिनी, रविवारची पुरवणी तुम्ही अक्षरन् अक्षर वाचता. समोर बसून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहितोय. तपासणी कसलीही राहिली नव्हती. वसंता तुमचं मन राखायला थांबला... आणि तुमचं नाव मी घेतलं होतं.