थेडी लाउनीचे पूर्वज

थेडी,

तुला लिहून काही उपयोग नाही हे मला कळतं. मेंदूला झटका आल्यापासून डोळ्यांना दिसतं तुला, पण अक्षरं लागत नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. आणि तोंडातून एक 'अं' निघतो, तेवढाच. तरी लिहिते, कारण काल माझं डोकं फिरलं. सतरा मार्च, आपल्या आयरिश लोकांचा सण, म्हणून वृद्धाश्रमातल्या सिस्टरांनी तुझ्या डोक्यावर हिरवी कागदी टोपी बसवली, खुर्ची खिडकीशी ढकलली. खालून मिरवणूक चालली होती. आयरिश सोसायटीची तरणी पोरं वर बघून ओरडली, "थेडीकाका! शंभर नंबरी आयरिश!" तू 'अं' म्हणालास. ते खूश. मला वाटलं, खाली जाऊन एकेकाचं थोबाड रंगवावं. पण या वयात जिना उतरेपर्यंत मिरवणूक स्टेशनापलीकडे गेली असती.

तर तुझं आयुष्य तुलाच सांगते. दुसरं कोण सांगणार? जे सांगतात ते खोटं सांगतात.

आयर्लंड सोडून इथे आलेल्यांच्या वस्तीत, डब्लिन गल्चमध्ये, आपली घरं पाठीला पाठ लावून होती. तुझा बाप खाणीतल्या धुळीने खोकून खोकून गेला आणि तू मिशी फुटायच्या आत खाली उतरलास. मी मिझूलाला कॉलेजात गेले, परत येऊन शाळेत लागले, तेव्हापासून तुझ्यासाठी मी 'मास्तरीणबाई'. माझी तक्रार नाही. तू वाईट माणूस नव्हतास. खाणीत कोणी जखमी झाला की त्याच्या घरी पहिला तू जायचास, आणि तिथे बडबड न करता लाकडं फोडून द्यायचास. पण कॉर्निश माणूस, इंग्रजांच्या मुलखातल्या कॉर्नवॉलचा, दिसला की तुझं डोकं ठिकाणावर राहत नसे.

त्यात तू एकटाच होतास असं नाही. कॉर्निश लोक वॉकरव्हिलच्या टेकडीवर, आपण खाली. ते मेथडिस्ट, आपल्या कॅथलिकांहून वेगळ्या पंथाचे, दारूला न शिवणारे, आणि बहुतेक खाणींत मुकादम तेच. त्यांना शिव्या घालणं हा आपल्याकडे भूक लागण्याइतका साधा प्रकार होता. पण तुझा आवाज सगळ्यांच्या वर. "जेवतात तेसुद्धा सही करून!" म्हणायचास, आणि दारूचा गुत्ता हसायचा. कारण त्यांच्या बायका डब्यातल्या पास्टीला, त्या मांसबटाट्याच्या भल्यामोठ्या करंजीला, मुरड घातली की कोपऱ्यात नवऱ्याच्या नावाचं अक्षर चिकटवत. अर्धी उरली तर ज्याची त्याला सापडावी म्हणून.

तुझी आजीही चिकटवायची. मी तुझ्या घरी खाल्ली आहे, माझ्या नावाचं अक्षर लावलेली. मी विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालास, "आमच्याकडे भावंडं फार, भांडणं नकोत." झालं. मलाही पटलं.

मग उना. तुझी एकुलती एक पोर. तिची आई डीलिया गेल्यावर तू तिला स्वतः वेण्या घालायला शिकलास, वाकड्या का होईना. ती नर्स झाली आणि रसेल पेनरोझला घेऊन तुझ्या दारात आली. रसेलला तिने बाहेर फाटकाशीच थांबवलं होतं. मी तुमच्या स्वयंपाकघरात होते, उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"बाबा, माणूस चांगला आहे."

"असेल. घोडापण चांगला असतो. लग्न लावतेस का त्याच्याशी?"

"बाबा, निदान त्याच्याशी बोला तरी."

"आडनाव काय त्याचं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"पेनरोझ."

"मग त्यांच्याच टेकडीवर जाऊन राहा. अ‍ॅलिहीज गावच्या आयरिश लाउनींची पोर कॉर्निश माणसाची चूल पेटवणार असेल तर ती लाउनी नाही. तुझे कपडे मी बाहेर ठेवतो."

आणि खरोखर ठेवलेस, घड्या घालून.

लग्नाला तू गेला नाहीस. पुढल्या वर्षीच्या सतरा मार्चला आयर्लंडातल्या कॉर्क परगण्याच्या लोकांचा झेंडा तुझ्या हातात होता. उना कोर्टासमोरच्या फुटपाथवर माझ्या शेजारी उभी होती, कडेवर बाळ, बाळाच्या डोक्यावर तिने विणलेली हिरवी टोपी. तू आमच्यापासून हातभर अंतरावरून गेलास. मान वळवली नाहीस.

"मावशी, बाबांनी पाहिलं का आम्हाला?"

"वारा आहे ना, झेंडा सांभाळत होते."

 बाळाच्या डोक्यावरची टोपी काढून तिने कोटाच्या खिशात घातली. त्याच उन्हाळ्यात ते तिघं घाटापलीकडे हेलेनाला राहायला गेले.

त्यानंतरची कित्येक वर्षं सांगण्यासारखी नाहीत. खाणी बंद पडल्या, खालचे पंप थांबले, बोगद्यांत पाणी चढायला लागलं, पोरं गाव सोडून गेली. राहिली ती मिरवणूक. माणसं जितकी कमी झाली तितकी ती लांब झाली, कारण जो तो बाहेरगावाहून एका दिवसापुरता आयरिश व्हायला यायला लागला. अशाच एका वर्षी सोसायटीने तुला मिरवणुकीचा अग्रणी केलं.

अग्रणी म्हणजे काय ते आपल्या माणसाला सांगायला नको. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून बाप, आजा, पणजा मोठ्याने म्हणायचे, आयर्लंडातल्या गावापर्यंत पोचायचं. प्रत्येक नावाला खालची माणसं "आमचाच!" म्हणून गर्जतात. मगच खांद्यावर हिरवा पट्टा. तुला पणज्याचं नाव पक्कं हवं होतं, म्हणून आदल्या दिवशी मी तुला गाडीतून मठात नेलं, तुझ्या बापाच्या बहिणीकडे. सिस्टर बेनिग्ना. नव्वदी उलटलेली, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

"आत्या, आजोबांच्या वडलांचं नाव काय? मायकल की डॅनियल?"

"कुठल्या आजोबांच्या?"

"कुठल्या म्हणजे? विल लाउनींच्या."

ती हसली. "लाउनी तर माझी आई. माझा बाप विल्यम नॅन्कॅरो."

"आत्या, तुम्ही दमलात."

"दमलेय, खुळी नाही झाले. कॉर्निश होता तो. अ‍ॅलिहीजच्या तांब्याच्या खाणीत काम शिकवायला त्याच्या बापाला कॉर्नवॉलहून आणलं होतं. हा तिथेच जन्मला. आईसाठी कॅथलिक झाला, म्हणून त्याच्या बापाने त्याला घराबाहेर काढला. इथे आला तर ज्या खाणीत काम होतं तिच्या दारावर नेमका आयरिश मुकादम उभा, आयरिश नाव नसलं की चालायला लाग म्हणायचा. याने बायकोचं आडनाव सांगितलं. तेच चिकटलं."

"आणि हे मला कोणी सांगितलं नाही?"

"तू विचारलंस कधी? तू नुसता ओरडत असायचास." मग म्हणाली, "आई पास्टीवर अक्षर कशाला घालायची, वाटलं तुला? त्याला अक्षराशिवाय घास उतरत नसे."

अ‍ॅलिहीजहून आला म्हणजे आयरिश, हे आपल्या गावात कोणी तपासलंच नाही. जिथे तांब्याची खाण तिथे कॉर्निश माणूस असणारच, हे जन्मभर खाणीत राबलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी मुलांना इतिहास शिकवत होते.

परतताना तू काचेला कपाळ टेकून बसला होतास. पुलापाशी म्हणालास, "उनाला सांगायला पाहिजे."

"पाहिजेच."

"उद्याचं एकदा होऊ दे."

उद्या झालं. बारीक हिमवर्षाव चालला होता. तू पायऱ्यांवर चढलास आणि मला, वेडीला, वाटलं की आता हा खरं बोलेल.

"मी थेडी, जेरेमायाचा मुलगा!"

"आमचाच!"

"जेरेमाया, विल लाउनीचा मुलगा!"

"आमचाच!"

इथे तू थांबलास. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "म्हातारा गहिवरला."

"विल, मायकल लाउनीचा मुलगा, अ‍ॅलिहीजचा!"

"आमचाच!"

मायकल लाउनी नावाचा माणूस तू त्या पायरीवर जन्माला घातलास आणि अख्ख्या गावाने त्याला पोटाशी धरलं. पट्टा घातला तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. फोडून ठेवलेल्या लाकडासारखा होता.

मी उनाला फोन केला. एवढंच म्हटलं, बाबांना तुझ्याशी बोलायचंय. ती म्हणाली, "मावशी, निरोप नको. त्यांनी स्वतः यावं, स्वतःच्या तोंडाने सांगावं. दार उघडेन. पुढचं मला माहीत नाही."

हेलेनाला जायला गुरुवार ठरला. मी गाडी घेऊन आले तर तू हॅट घालून पायरीवर बसलेला, मांडीवर फडक्यात गरम पास्ट्या.

"घाटात बर्फ असेल."

"मे महिना आहे, थेडी."

"पुढच्या गुरुवारी जाऊ."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पास्ट्या आपण दोघांनी पायरीवर बसून खाल्ल्या, उनाच्या नावाची तू कधी फोडू दिली नाहीस, ती कुत्र्यालाही घातली नाहीस. एकदा मी चिडून विचारलं, "अडतंय कुठे?"

"काय सांगू तिला? ज्या रक्तासाठी तिला घालवली तेच माझ्या अंगात होतं?"

"तेवढंच सांग."

"मास्तरीणबाई, तेवढंच उचलवत नाही."

मग तो बुधवार. दार उघडंच होतं, तू स्वयंपाकघरात जमिनीवर, हाताला पीठ. रुग्णवाहिकेमागोमाग दवाखान्यात गेले, आणि डॉक्टरांशी बोलून मी उनाला फोन लावला.

"बोलतात का?" तिने विचारलं.

"नाही. आता बोलणार नाहीत म्हणतात."

 "मग येऊन मी काय ऐकू, मावशी?"

"मी सांगते तुला, काय होतं ते…"

"तुम्ही नका सांगू." आणि फोन ठेवला. त्यानंतर ती माझा फोन घेत नाही. अजून नाही.

काल मिरवणूक संपल्यावर मी तुझी कागदी टोपी काढली. तू माझं मनगट धरलंस आणि 'अं' म्हणालास, मग पुन्हा, पुन्हा. मला कळलं. कळून मी काय करू? ते उनाला तुझ्या तोंडून हवंय.

त्या बुधवारी टेबलावर तीन पास्ट्या होत्या, कच्च्या, मुरड घातलेल्या. उनाची, रसेलची आणि तुझ्या नातवाची, कोपऱ्यात ज्याचं त्याचं अक्षर. मी गाडीत पेट्रोल भरून आणलं होतं. गुरुवारी घाट उघडा होता, रस्ता कोरडा होता.